गावाला दिलेल्या डेगी

खातूनबीच्या पडवीत तीन डेगी होत्या तोवर गावात कुणाचं लग्न ठरलं की घरचा माणूस आधी तिच्या दारात यायचा, मांडववाल्याकडं नंतर. सांगलीहून कृष्णेच्या काठाकाठानं गेलं की लागणारं ते गाव. निम्मं ऊसवाल्यांचं, मागच्या गल्ल्या मुसलमानांच्या. पण डेग मागायला सगळे एकाच वाटेनं यायचे आणि चपला बाहेर काढून यायचे.

डेगी तांब्याच्या. थोरली, आत दोन माणसं बसून गप्पा मारतील एवढी, मधली तिच्या निम्मी, आणि धाकटी माणसाच्या कमरेला लागेल अशी. तिन्हींच्या काठावर टिंबं ठोकून नाव घातलेलं होतं, पीरमहंमद. खातूनबीचा नवरा. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बाईची शाळा दुसरीतच सुटली होती, पण तेवढी अक्षरं तिला बोटानं वाचता यायची, अंधारात सुद्धा.

भाडं ती घेत नव्हती. कुणी नोट पुढं केली तर म्हणायची, "ठीव खिशात. भाडं दिलं की माणसाला वाटतं आजच्या दिस माझीच हाय. फुकट न्हे, म्हंजे दुसऱ्याची हाय ह्ये ध्येनात ऱ्हाईल."

मात्र डेग उचलायच्या आधी तिचा एक रिवाज होता. बांगड्या कोपरापर्यंत सारायची, पदर खोचायची आणि डेगीत वाकून आतून सगळीकडं हात फिरवायची. बूड, कडा, कानाकोपरा. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाची पांढरट कल्हई असते. ती शाबूत असली की आत ताक ओता, चिंच ओता, काही होत नाही. ती उडाली की आंबटात तांबं उतरतं, अन्न कळकतं आणि खाणाऱ्याच्या पोटात विष होतं. कुठं खडबड लागली, कुठं गुळगुळीत तांबं लागलं, तर डेग जागची हलायची नाही. मग दारात आमदाराचा माणूस असो नाहीतर सख्खा भाऊ असो. "आमच्या डेगीतलं खाऊन आजवर कुणाचं डोसकं बी दुखलं न्हाई," हे ती सांगायची, आणि त्यात तसूभर खोटं नव्हतं.

नेणाऱ्यांची तऱ्हा मात्र निराळी. हंबीररावाच्या घरी नातवाच्या जावळाला नेलेली थोरली डेग परत येईना, म्हणून ती स्वतः बघायला गेली. गोठ्यापुढं डेग मांडलेली आणि तिच्यात तोंड घालून म्हैस पाणी पीत होती. आणि ओट्यावर हंबीररावाच्या घरची स्टीलची पातेली, घासून, पुसून, फडक्यावर पालथी घातलेली.

"आवं भाभी, आज आणूनच देणार व्हतो," हंबीरराव म्हणाला.

"त्ये ठावं हाय मला. म्हशीचं तोंड पुसून देणार व्हतास का न पुसता, एवढंच इचारते."

कुणी लोखंडी खोऱ्यानं भात ढवळायचा, कुणी डेग पायरीवरून गडगडवत आणायचा. एकीनं तर उकिरड्याशेजारी आठवडाभर ठेवली आणि वर म्हणाली, तुमची वस्त आमच्या घरात ठिवायची भीती वाटते, चोरीबिरी झाली म्हंजे. खातूनबी प्रत्येकाला तोंडावर सुनवायची, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा द्यायची. मोठेपणा होता तो तिचा. तिलाही आवडायचा.

मग नानासोच्या घरून मधली डेग आली ती बुडाला सिमेंट चिकटून. नानासो गावच्या समितीचा अध्यक्ष. बहिणीच्या लग्नाला डेग नेली आणि लग्न झाल्यावर तिच्यातच बांधकामाचा माल कालवला.

"गवंड्यांनी घेतली आसंल, चाची. माझं ध्यान न्हवतं."

"तुझ्या नव्या फरशीवर कोण पान खाऊन थुकलं तर ध्यान असतं का रं तुझं?"

चार माणसांत बोलली ती. नानासोला झोंबलं. "एवढा तोरा असंल तर गावाला द्या की डेगी," तो म्हणाला. "समिती सांभाळंल. तुमची म्हणून तुमी बोलता, आमची न्हाई म्हणून आमी ऐकतो. गावाची झाली तर जो तो जपंल."

घरी मुलगा शाहनवाज. त्याचं सांगलीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्यालाही या डेगींचा कंटाळा आला होता. "देऊन टाक अम्मा. रोज एकाशी भांडण. आपल्याला काय पडलंय."

खातूनबीला रागात एकदा निघालेला शब्द मागं घ्यायची सवय नव्हती. तिनं डेगी बाहेर काढायला लावल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "घ्या. आजपासनं गावाच्या झाल्या. आणि आजपासनं माझा हात त्यास्नी लागणार न्हाई."

समितीनं डेगी सभागृहामागच्या खोलीत ठेवल्या आणि पीरमहंमदच्या नावावर हिरव्या ऑइलपेंटनं समितीचं नाव घातलं.

दरवर्षी दिवाळी झाली की मिरजेकडून वाजिद कल्हईवाला भाता घेऊन यायचा. इतकी वर्षं तो खातूनबीच्या निंबाखाली बसायचा. डेगी दिल्यानंतर आला तेव्हा तो सभागृहाकडं गेला. खोलीला कुलूप. नानासो म्हणाला, जो वापरंल त्यो लावून घील. लग्नघरवाला म्हणाला, एका दिसाला तर न्ह्यायचीया, गावाची हाय, समिती बघंल. वाजिद एका दारातून दुसऱ्या दारात फिरला आणि शेवटी खातूनबीच्या पडवीत येऊन टेकला.

"भाभी, थोरलीची कल्हई सालाच्या वर टिकत न्हाई, बुडाकडनं जाती. तुमी सांगा की त्यास्नी."

"मी कोण सांगणार? लय मालक झालेत आता तिला." तिनं त्याला चहा दिला, आणि तो पिऊन तो गेला. त्याची सायकल वळणाआड होईस्तोवर ती बघत राहिली. जिभेवर गुळाचा खडा ठेवल्यासारखं वाटत होतं तिला. रडा आता, असं मनात म्हणाली. पुढच्या साली वाजिद आला नाही. त्याच्या पुढच्याही.

आणि अर्फाचं लग्न ठरलं.

अर्फा तिची नात, शाहनवाजची थोरली. पोरगी गुणाची, पण एकदा साखरपुडा होऊन मोडलेला. तेव्हापासून गल्लीतल्या बायका तिच्याकडं बघून आवाज खाली करायच्या. आता वाईचं घर मिळालं होतं. घाटाजवळ कापडाचं दुकान, माणसं सभ्य, पण मानपानाला टोकदार. मुलाच्या बापानं, हुसेनमियाँनी, एकच मागणं घातलं होतं: देणंघेणं नको, पण आमची माणसं लांबून येणार, जेवण नीट होऊ द्या. खातूनबी पडद्याआडून म्हणाली होती, "जेवणाचा शब्द माझा." हे लग्न मोडलं तर पोरीला तिसरं स्थळ येणार नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन उतरताना शाहनवाज टेंपोतून डेगी घेऊन आला. अंगणात बायका लसूण सोलत बसल्या होत्या. खातूनबीच्या शेजारी शालूबाई, पलीकडच्या मळ्यातली. दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नसे आणि एकमेकींना टोचल्याशिवाय दिवस जात नसे.

"बघ अम्मा, कशा केल्यात मंडळाच्या पोरांनी," शाहनवाज म्हणाला. "जत्रंच्या आधी वायरच्या ब्रशनं घासल्यात. आतनं सगळं पांढरं किटण काढून टाकलं. लालबुंद झाल्यात, तोंड बघावं अशा."

खातूनबीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. पांढरं किटण. डेग आतून लाल.

"कल्हई?" तिनं एवढंच विचारलं.

"समितीनं केलीच आसंल की. नानासो म्हणला सगळं रेडी हाय."

"नानासो म्हणला," ती म्हणाली. हातातली पाकळी सोलून टाकली.

शालूबाईनं तिच्याकडं बघितलं. "खातूनबी, हात फिरीव की एकदा."

"माझ्या न्हवंत त्या. शबूद दिलाय मी चार लोकांत."

"डेगी तुज्या न्हवंत. नातीचं लगीन तर तुजंच हाय न्हवं?"

"लसूण सोल. पोरगा आणायला गेला व्हता, त्येनं बघितलं आसंल."

पोरग्यानं बघितलं नव्हतं. त्याला वाटलं समितीनं बघितलं. समितीला वाटलं, ज्याचं लग्न तो बघेल. आणि जिला बघता येत होतं ती चार हातांवर बसून लसूण सोलत होती. एकदोनदा तिनं मान वळवली. डेगींवर झाकणं होती. हिरव्या रंगाखाली टिंबांचा उंचवटा मावळत्या उन्हात दिसत होता. उठावं असं तिला वाटलंही. पण नानासो तेव्हाच मांडवाचे वासे बघायला आत आला, आणि त्याच्यासमोर उठून डेगीत हात घालणं म्हणजे थुंकलेलं चाटणं. ती बसून राहिली.

थोड्या वेळानं शालूबाईच्या घरून ताक आलं. गावातल्या हिंदू पाहुण्यांची शाकाहारी पंगत सकाळी आधी उठायची होती, मसालेभात, आमटी आणि मठ्ठा. शालूबाईच्या दोन सुना दिवसभर घुसळत होत्या. हंडे घेऊन गडी उभे राहिले.

"कशात ओतायचं?"

पडवीत शाहनवाजचे स्टीलचे मोठे कॅन होते, दुकानात विकायला आणलेले, अजून प्लॅस्टिकही न काढलेले. शालूबाईनं तिकडं बोट केलं.

"त्ये नको मावशी," शाहनवाज म्हणाला. "नवं हायत. ताकाचा वास धरंल, डाग पडंल, मग गिऱ्हाईक घेत न्हाई. धाकट्या डेगीत ओता. डेगी कशाला आणल्यात मग?"

ताक डेगीत पडल्याचा आवाज खातूनबीनं ऐकला. वर ओलं पांढरं फडकं बांधलं गेलं. शालूबाईनं पुन्हा तिच्याकडं बघितलं. दुसऱ्याच्या घरात बाई किती वेळा बोलणार.

सकाळी चुलाणं पेटली. थोरल्या डेगीत बिर्याणीचं मटण, मधल्या डेगीत दालचा, म्हणजे चिंच घातलेली मटणाची डाळ, वाईच्या माणसांसाठी. मांडवात माणसं, पोरं, खुर्च्या, स्पीकर. वाईच्या गाड्या साताऱ्यात पोचल्या, कऱ्हाड ओलांडलं, असे फोन येत होते. शालूबाई पहाटेपासून मठ्ठ्याशी उभी. मीठ घाल, चाख, आलं घाल, चाख. चाखता चाखता म्हणाली, "तोंडाला कायतरी खिळ्यावाणी लागतंया. सुनंनं दाताची पूड बदलली जणू." बायका हसल्या. हळदीच्या पिवळ्या अंगानं अर्फा खिडकीशी आली, सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. शालूबाईनंच तिला पेला भरून दिला. "पी बाय. दिसभर उपाशी ऱ्हानार तू." पोरीनं तो पिऊन दुसरा मागितला.

पंगत बसली तेव्हा खातूनबी चुलाणाकडून येत होती. डेगीवरून सोडलेलं फडकं दोरीवर टाकलं होतं. मधोमध ते पांढरं होतं. पण जिथं डेगीच्या काठाला आवळलं होतं तिथं गोल कडं उमटलं होतं, मोराच्या मानेच्या रंगाचं.

ती थांबली. फडक्याची ती कड तिनं दोन बोटांत धरली. मग शालूबाईला शोधायला मान वळवली. शालूबाई डेगीपाशी नव्हती. ती सरपणाच्या ढिगामागं भिंतीला टेकून खाली बसली होती, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कायतरी पोटात तुटतंया गं," शालूबाई म्हणाली आणि तोंड वळवून ओकली. जे पडलं ते हिरवट होतं.

खातूनबी मांडवात शिरली ती धावत नाही. धावणं तिला ठाऊक नव्हतं. वाढप्याच्या हातातली बादली तिनं काढून घेतली आणि खाली ठेवली. पहिल्या ओळीत पोरं होती. निम्म्यांचे पेले रिकामे झाले होते.

"पेलं खाली ठिवा," ती म्हणाली. "सगळ्यांनी."

"अम्मा, लोकं बघत्यात," शाहनवाज धावत आला.

"बघू दे."

ती धाकट्या डेगीपाशी गेली. तिनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, पदर खोचला आणि सगळ्या गावादेखत खांद्यापर्यंत हात मठ्ठ्यात घातला. बूड, कडा, कानाकोपरा. बोटांना कुठंच कल्हई लागली नाही. सगळं नुसतं गुळगुळीत, उघडं तांबं, आणि बुडाशी चिकट साय. हात बाहेर काढला तेव्हा नखांत हिरवं होतं.

"नानासो," ती म्हणाली, "ह्यास्नी कल्हई कवा लावली?"

नानासो पंगतीतून उठला. "आमी कुठं लावली? आमी घासून दिल्या. शाहनवाजनं न्हेल्या, त्येनं बघायचं."

"माझ्या न्हाईत त्या, मी कसं बघू?" शाहनवाज म्हणाला. "समितीच्या हायत. समितीनं चांगल्या म्हणून दिल्या."

"समिती म्हंजे कोण? मी एकटा हाय का समिती?"

त्यांचं हे चाललं असतानाच पहिल्या ओळीतलं एक पोर आईच्या मांडीत वाकलं. मग त्याच्या शेजारचं. मग आत घरातून बायकांचा आवाज आला, आणि त्यात अर्फाचं नाव होतं.

टेंपो लगेच निघाला. मागं सतरंजी टाकून शालूबाईला आडवी केली, तिच्या पायाशी अर्फा, हळदीच्या कपड्यांत, ओठ पांढरे, आणि चार पोरं त्यांच्या आयांसकट. खातूनबी टेंपोच्या फळीला हात लावून उभी होती. शालूबाईनं डोळे उघडले.

"हात फिरीव म्हणलं व्हतं," ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

टेंपो सांगलीच्या रस्त्याला लागला. तेवढ्यात वाईचा फोन, गाड्या फाट्यावर आल्यात. एकच रस्ता तो. वाईच्या गाड्यांनी त्या टेंपोला बाजू घेऊन वाट दिली असणार, आत कोण आहे हे न कळता.

आता मांडवात जी माणसं उरली होती ती धाकट्या डेगीभोवती जमली होती. खातूनबी त्यांच्याकडं पाठ करून चुलाणाकडं बघत होती. थोरली डेग. मधली डेग. मटण सकाळपासून शिजत होतं. दालच्याला उकळ्या फुटत होत्या, आणि चिंचेचा वास अंगणभर सुटला होता.

तिनं लाकडी पळा घेतला, दालचा ढवळून वर घेतला, फुंकला आणि जिभेला लावला. पैसा जिभेवर ठेवल्यासारखी चव.

"इस्तू ओढ," ती आचाऱ्याला म्हणाली. "दोनीबी पालथ्या करा."

आचारी जागचा हलला नाही. "चाची, आता वऱ्हाड येतंय. आन डेगी समितीच्या. पालथ्या करायला कुणाला तरी इचारलं पायजे न्हवं?" तो नानासोकडं बघू लागला. नानासो शाहनवाजकडं. शाहनवाज रस्त्याकडं.

"अम्मा, काय वाढू मी त्यास्नी?" शाहनवाज म्हणाला. "मटण तर चांगलं हाय. त्यात आंबट काय न्हाई. त्येवढं तरी ऱ्हाऊ दे."

"दही घातलंय त्यात. मी बघितलंय घालताना."

तिनं डेगीच्या कड्यात वासा घातला आणि जोर लावला. डेग थोडी कलली, दालचा काठावरून सांडून निखाऱ्यावर चरचरला, आणि डेग परत जागेवर बसली. एकटीच्या बळावर हलणारी वस्तू नव्हती ती. भोवती धडधाकट माणसं होती. ज्यांच्या घरी ह्या डेगींनी लग्नं उठवली होती ती सगळी. हात कुणीच लावला नाही. ज्याची नाही त्यानं कशाला लावायचा.

गाड्यांचे हॉर्न गल्लीत शिरले. हुसेनमियाँ पहिल्या गाडीतून उतरले, पांढरी टोपी, अत्तराचा वास, मागं बायका-पोरं. मांडवात उलटीचा वास होता. ओळीत अर्धवट पत्रावळ्या, भरलेले पेले, आणि कुणी बसलेलं नव्हतं. नवरीच्या खिडकीत कुणी नव्हतं. त्यांनी एकदा सगळीकडं बघितलं. ते हुशार गृहस्थ होते, फार सांगावं लागलं नाही.

"कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"मठ्ठा कळकला," कुणीतरी म्हणालं. "डेगीला कल्हई न्हवती."

"डेगी कुणाच्या?"

नानासोनं खाली बघितलं. शाहनवाज वाटेतली खुर्ची बाजूला सारू लागला.

खातूनबीचा उजवा हात अजून मठ्ठ्यानं ओला होता. तिनं तो मधल्या डेगीच्या काठावर ठेवला. चटका बसला, तरी उचलला नाही. अंगठ्यानं ती हिरवा रंग खरवडू लागली. त्याखाली टिंबं लागली, पहिलं अक्षर, मग दुसरं.

"माझ्या," ती म्हणाली. "तिनीबी माझ्या हायत. शबूद बी माझाच व्हता."

हुसेनमियाँनी तिच्याकडं बघितलं, मग मागं वळून आपल्या माणसांकडं. गाड्यांची इंजिनं अजून चालू होती. उतरलेल्या बायका परत दाराशी जाऊन थांबल्या होत्या.

तेवढ्यात शाहनवाजच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो बाहेर काढला. टेंपोबरोबर गेलेल्या माणसाचं नाव होतं त्याच्यावर. त्यानं नाव बघितलं, आईकडं बघितलं, आणि फोन हातात वाजत राहिला.

"घे," खातूनबी म्हणाली. "तुझाच हाय त्यो."